मोठ्या आवाजाचे माप

घरात टीव्हीवर मालिका चालू असते. दोन पात्रांचे हलक्या आवाजातले बोलणे नीट ऐकू यावे म्हणून कोणीतरी रिमोट घेऊन आवाज थोडा वाढवून ठेवतो. तेवढ्यात जाहिरात लागते आणि साबण विकणारा गृहस्थ थेट कानात ओरडतो. मग रिमोटची शोधाशोध. हा अनुभव नसलेले घर गोव्यात तरी सापडायचे नाही. आता मोबाइलवर पॉडकास्ट ऐकणाऱ्यांच्याही वाट्याला तेच आले आहे. एक वक्ता खोल विहिरीतून बोलल्यासारखा, तर दुसरा कानाला भोंगा लावल्यासारखा.

गंमत अशी, की त्या जाहिरातवाल्याला पकडायला गेलात तर पूर्वी तो कागदोपत्री निर्दोष सुटत असे. यंत्रावर मोजले तर त्याचा आवाज मालिकेतल्या सर्वांत मोठ्या आवाजापेक्षा तसूभरही वर गेलेला नसे. कान एक सांगतो आणि यंत्र दुसरेच. यातले खरे कोण? कानच खरा, हे शास्त्रज्ञांनी १९३३ साली दाखवून दिले होते. पण कानाचे म्हणणे मान्य करणारे यंत्र सगळ्यांनी स्वीकारायला २०१० साल उजाडले. मधल्या पाऊणशे वर्षांत काय काय झाले, आणि आज घरच्या घरी आवाज ध्वनिमुद्रित करणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचे काय, हे सांगण्यासाठी हा लेख.

सुरुवात वीज नसलेल्या ध्वनिमुद्रणापासून करावी लागेल. एडिसनने फोनोग्राफ केला १८७७ साली. त्यानंतर जवळजवळ अर्धशतक ध्वनिमुद्रणात माइक नव्हता, ॲम्प्लिफायर नव्हता. एक भला मोठा कर्णा, त्याच्या निमुळत्या टोकाला एक पातळ पडदा, पडद्याला जोडलेली सुई आणि सुईखाली फिरणारी मेणाची तबकडी. गाणाऱ्याच्या श्वासातली ताकद हीच काय ती सगळी वीज. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले ते याच पद्धतीने. गाण्याच्या शेवटी गौहर जान इंग्रजीत आपले नाव सांगतात. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या माणसाला गायिका कोण ते कळावे, हे त्यामागचे कारण सांगितले जाते.

या पद्धतीत आवाज कमी-जास्त करायचा उपाय एकच होता : अंतर. हळू स्वर असेल तेव्हा गायकाने कर्ण्यात तोंड घालायचे, तार सप्तकात गेला की मागे सरायचे. बऱ्याचदा गायकाला हाताने पुढे ढकलायला आणि मागे ओढायला शेजारी एक माणूस उभा असे. वाद्यांचेही तसेच. पितळी वाद्ये भिंतीपाशी आणि व्हायोलिनवाले कर्ण्याजवळ. तरी व्हायोलिन ऐकू येईना, म्हणून ऑगस्टस स्ट्रो नावाच्या गृहस्थाने लाकडी पोटाऐवजी चक्क कर्णा बसवलेले व्हायोलिन काढले. १९२३ साली किंग ऑलिव्हरच्या बँडचे मुद्रण झाले तेव्हा तरुण लुई आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट इतका जबर होता, की त्याला बाकीच्यांपासून कित्येक फूट दूर उभे केले होते, अशी आठवण त्याच बँडच्या पियानोवादक लिल हार्डिन यांनी सांगितली आहे. आज ज्याला कॉम्प्रेसर म्हणतात, म्हणजे मोठा आवाज दाबून आणि लहान आवाज उचलून दोघांना जवळ आणणारे यंत्र, त्याचे काम तेव्हा माणसाचे पाय करत होते. हे लक्षात ठेवावे, कारण शेवटी आपल्याला पुन्हा अंतरापाशीच यायचे आहे.

१९२५ साली अमेरिकेत विजेवर ध्वनिमुद्रण सुरू झाले. माइक आला आणि गायकाला ओरडण्याची गरज उरली नाही. बिंग क्रॉसबीसारखे गायक कानात गुजगोष्ट करावी तसे गाऊ लागले. हळू आवाजालाही बाजारात किंमत आली, ती प्रथमच. पण तबकडी लाखेचीच होती. सुई फिरताना ती सतत फरफर करी. त्या फरफरीपेक्षा हळू असलेला स्वर तिच्याखाली बुडून जाई. फोंडा तालुक्यातल्या केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची भैरवीतली एक रचना १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सुवर्ण तबकडीतून अंतराळात गेली, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. ती रचना साडेतीन मिनिटांची आहे. तासभर राग मांडणाऱ्या बाईंना तबकडीने साडेतीन मिनिटांत बसवले, ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. पण तबकडीने नुसता वेळ आखडला नाही. अगदी हळू आणि अगदी मोठा यांमधला पल्लाही आखडला. मैफलीत तानपुऱ्याच्या आत विरत जाणारा एखादा स्वर लाखेवर उमटला तरी ऐकू कसा येणार?

वीज आली तसे मोजणेही आले. टेलिफोन कंपनीला आपल्या तारांमधून आवाज किती क्षीण होतो हे मोजायचे होते. १९२०च्या दशकात अमेरिकेच्या बेल कंपनीत एक एकक ठरले आणि अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नावावरून त्याला डेसिबल म्हणू लागले. डेसिबल हा शब्द आपल्याला माहीत आहे तो ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५, वगैरे. ते हवेतल्या आवाजाचे माप. ध्वनिमुद्रणातले माप थोडे वेगळे असते. तिथे विहिरीसारखे मोजतात. विहिरीत पाणी किती खाली आहे हे आपण काठापासून खाली मोजतो. डिजिटल ध्वनिमुद्रणात काठ म्हणजे शून्य. त्याच्यावर आवाज जाऊच शकत नाही, गेला तर कापला जातो आणि फाटल्यासारखा ऐकू येतो. म्हणून आकडे सगळे उणे. उणे ६ म्हणजे काठाच्या जवळ, उणे ४० म्हणजे पार तळाशी. पुढे हे आकडे येतील तेव्हा ही विहीर डोळ्यांसमोर ठेवली की गोंधळ होणार नाही.

आता १९३३ साल. बेल कंपनीच्याच प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या दोघांनी माणसांना वेगवेगळ्या पट्टीचे सूर ऐकवले आणि कोणता सूर किती मोठा वाटतो हे नोंदवले. निष्कर्ष असा, की कान पक्षपाती आहे. सेकंदाला साधारण तीन-चार हजार कंपने असलेले सूर त्याला चटकन ऐकू येतात. खर्जातले सूर ऐकू येण्यासाठी त्यांच्यामागे कितीतरी जास्त ताकद लावावी लागते. म्हणजे यंत्राला दोन आवाज सारखे वाटले तरी कानाला ते सारखे वाटतीलच असे नाही. शिवाय कान क्षणाचा हिशेब ठेवत नाही. एखादी टिचकी कितीही जोरात वाजली तरी ती क्षणभरात संपते. तोच जोर पाच सेकंद टिकला तर आपण कानावर हात ठेवतो.

पण रेडिओ केंद्रावर बसलेल्या माणसाला समोर एक साधी तबकडी आणि काटा हवा होता. इथे दोन देशांनी दोन वाटा धरल्या. १९३८ साली बीबीसीने जे मीटर केले ते आवाजाचे टोक पकडी. काटा झटकन वर जाई आणि सावकाश खाली येई. काळ्या तबकडीवर १ ते ७ एवढेच पांढरे आकडे. आपले ट्रान्समीटर जास्त दाबाने बिघडू नये, ही त्यामागची काळजी. दुसऱ्या वर्षी, १९३९ मध्ये, अमेरिकेत सीबीएस, एनबीसी आणि बेल प्रयोगशाळा यांनी मिळून व्हीयू मीटर आणले. जुन्या टेपरेकॉर्डरवर दिसणारा डोलता काटा तो हाच. त्याला खऱ्या जागी पोचायला सुमारे तीन दशांश सेकंद लागत. त्यामुळे क्षणभराची टोके त्याला दिसतच नसत, तो आपला थोडी सरासरी काढून सांगे.

या दोन मापांतला फरक गोव्याच्या माणसाला पावसावरून लगेच कळेल. एखाद्या दिवशी दुपारी दहा मिनिटे धो धो सर येते आणि पुन्हा ऊन पडते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत रिपरिप चालू असते. सर्वांत जोराची सर कोणती असे विचारले तर पहिला दिवस जिंकेल. शेतात पाणी किती साचले असे विचारले तर दुसरा. बीबीसीचे मीटर सर मोजत होते आणि कान मोजतो ते शेतातले पाणी. व्हीयू मीटर मधेच कुठेतरी होते. नंतरच्या पन्नास-साठ वर्षांतला सगळा गोंगाट या फटीतून आत शिरला.

आवाज दाबून सपाट करण्याची हौस लोभातूनच आली असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. आधी ती गरज होती. १९३७ च्या सुमारास अमेरिकी रेडिओ केंद्रांत आवाज आपोआप आवरणारी यंत्रे बसू लागली. रेडिओच्या लहरींवर आवाज जितका भरून चढवावा तितका तो लांबवर स्वच्छ ऐकू येतो. हळू शब्द खरखरीत बुडतात. पण टोक मर्यादेबाहेर गेले तर सगळेच फाटते. म्हणून टोके दाबायची आणि बाकीचे उचलायचे. लघुलहरींवर रेडिओ ऐकलेल्या पिढीला ही खरखर आठवत असेल. कानाला सेट लावून, एरियलची तार खिडकीबाहेर काढून ऐकणारे लोक होते ते.

आपल्याकडे १९४६ साली पोर्तुगीज सरकारचे एमिसोरा द गोवा हे केंद्र सुरू झाले. त्याला उत्तर म्हणून २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सह्याद्रीच्या जंगलातून मुक्तीचा आवाज प्रक्षेपित केला. तो कोकणी आणि पोर्तुगीजमधून डिसेंबर १९६१ पर्यंत चालला. गोवा मुक्त झाला तेव्हा याच दोघांनी ध्वनिक्षेपक लावलेल्या विमानातून फिरून ती बातमी लोकांना सांगितली. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. दारे-खिडक्या लावून, शेजाऱ्याला कळू न देता ऐकणाऱ्या माणसाला आवाज मोठा करण्याची सोय नव्हती. हळू लावलेल्या सेटवरही प्रत्येक शब्द कळणे ही त्याची गरज. तेव्हा आवाज पोचवण्याची धडपड कोणी हिणवू नये. प्रश्न आहे तो पोचलेल्या आवाजाला आणखी रेटण्याचा.

ती रेटारेटी सुरू झाली बाजारात. अमेरिकेतल्या उपाहारगृहांत ज्यूकबॉक्स असत. पेटीचा आवाज एकदा लावून ठेवला की सगळ्या तबकड्या त्याच आवाजात वाजणार. मग ज्याची तबकडी मुळातच जोरात कोरलेली, त्याचे गाणे उठून दिसणार. डेट्रॉइटची मोटाउन कंपनी जोरात कोरलेल्या छोट्या तबकड्यांसाठी प्रसिद्ध होती. रेडिओ केंद्रांतही तीच चढाओढ लागली. काटा फिरवताना जे केंद्र मोठ्याने ऐकू येई तिथे श्रोता थांबे, असा समज. १९७५ साली रॉबर्ट ओर्बन यांचे ऑप्टिमोड नावाचे यंत्र आले आणि एफएम केंद्रांचा आवाज आणखी भरगच्च झाला. पण तबकडीला अंगचीच मर्यादा होती. जोरात कोरावे तर खाच रुंद होते, तबकडीवर कमी मिनिटे बसतात, आणि फारच जोर केला तर सुई उडी मारते. पदार्थच म्हणे, आता पुरे.

१९८२ साली सीडी आली आणि हे पुरे म्हणणारे कोणी उरले नाही. सीडीत फरफर नाही, सुई नाही. तळापासून काठापर्यंत ९६ डेसिबलची खोली. केसरबाईंच्या पिढीला मिळाला नाही तो हळू स्वरांचा पल्ला अखेर माणसाच्या हातात आला होता. माणसाने त्याचे काय केले? सगळे पाणी काठापाशी आणून ठेवले. १९९४ साली वेव्ह्ज कंपनीचा एल-वन नावाचा संगणकीय लिमिटर आला. तो पुढे येणारे टोक आधीच पाहून त्याला अलगद कापी, आणि मग बाकीचा सगळा आवाज वर ढकलता येई. १९९०च्या दशकात दर दोन-चार वर्षांनी नवी सीडी जुनीपेक्षा मोठी वाजू लागली. याला लाउडनेस वॉर असे नाव पडले. २००८ साली मेटॅलिका या बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ संग्रह आला तो इतका दाबलेला होता, की जगभरच्या चाहत्यांनी तक्रार केली. तीच गाणी गिटार हिरो नावाच्या व्हिडिओ खेळात कमी दाबलेली मिळत होती. खेळातले गाणे सीडीपेक्षा चांगले वाजते, असे लोक म्हणू लागले. पुन्हा मिश्रण करून द्या म्हणून हजारो सह्यांचा अर्ज झाला.

टीव्हीवरच्या जाहिरातीची युक्ती हीच. मालिकेत कुजबुज असते, दार आपटते, मधे शांतता असते. दार आपटते ते टोक काठाला लागते आणि बाकीचे संवाद खाली राहतात. जाहिरातीत प्रत्येक शब्द दार आपटल्याइतका वर आणलेला. टोक मोजणाऱ्या यंत्राला दोन्ही सारखे. आपल्याकडे १९९४ च्या केबल टीव्ही नियमांत जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा असू नये असे कलम आले. पण अवाजवी म्हणजे किती? सरकारी कचेरीत काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे, की नियमात ‘अवाजवी’, ‘शक्य तितके’, ‘योग्य त्या’ असे शब्द आले की ती फाईल वर्षानुवर्षे फिरत राहते. माप नसेल तर नियमाला दात नसतात.

ते माप अखेर आले २००६ साली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने बीएस १७७० नावाची शिफारस प्रसिद्ध केली. तिच्यामागे कॅनडातल्या कम्युनिकेशन्स रिसर्च सेंटरमधल्या गिल्बर्ट सुलोद्र यांचे प्रयोग होते. माणसांना बोलणे, संगीत, निरनिराळे आवाज ऐकवायचे आणि त्यांना सांगायचे, की हा आवाज त्या ठरावीक आवाजाइतका वाटेपर्यंत बटण फिरवा. मग निरनिराळ्या मीटरांपैकी कोणाचे उत्तर या माणसांच्या उत्तराशी जुळते ते पाहायचे. कानाची सगळी गुंतागुंत हिशेबात घेणारी मोठी मोठी गणिते स्पर्धेत होती. त्यांच्यापुढे एक अगदी साधा हिशेब टिकला. खर्ज थोडा कमी धरायचा, वरचे सूर थोडे जास्त धरायचे आणि उरलेल्या ताकदीची वेळेवर सरासरी काढायची. बस्स. १९३३ सालचा पक्षपाती कान अखेर यंत्रात बसला. या मापाच्या एककाला एलयूएफएस म्हणतात. नाव अवघड आहे, पण मोजायचे ते विहिरीतल्यासारखेच, काठापासून खाली.

सरासरीत एक अडचण होतीच. एखाद्या कारकुनाची रोजची कामाची सरासरी काढताना रविवार आणि सुट्ट्या धरल्या तर तो आळशी दिसेल. तसेच ज्या कार्यक्रमात लांब विराम आहेत त्याची सरासरी खाली येते. मग निर्माता एकूण आकडा जुळवण्यासाठी बोलणे आणखी मोठे करू शकतो. म्हणून २०११ च्या सुधारणेत एक फाटक बसवले. सरासरीपेक्षा १० एककांहून जास्त खाली असलेला भाग हिशेबात धरायचा नाही. म्हणजे हजेरी कामाच्या दिवसांचीच मोजायची.

ऑगस्ट २०१० मध्ये युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने आर १२८ ही शिफारस काढली. ऑस्ट्रियाच्या ओआरएफ वाहिनीतले फ्लोरियन कामरर या कामाचे पुढारी. आकडा ठरला उणे २३. मालिका असो, बातम्या असोत की साबणाची जाहिरात, सरासरी उणे २३ वरच. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत खासदार ॲना एशू यांनी लावून धरलेला कायदा झाला. त्याच्या लघुनावाचा अर्थच ‘शांत’ असा होतो. डिसेंबर २०१२ पासून तिथल्या टीव्ही जाहिरातींना कार्यक्रमाच्या आवाजापेक्षा मोठे होण्याची बंदी आली.

या छोट्याशा बदलाने काय साधले ते पाहण्यासारखे आहे. ओरडू नका असा उपदेश कोणीही केला नाही. फक्त मोजण्याची जागा बदलली. टोक मोजत होते तेव्हा आवाज दाबून सपाट करणाऱ्याचा फायदा होता. सरासरी मोजू लागल्यावर सपाट आवाज तेवढाच खाली उतरवला जातो, आणि खाली उतरल्यावर तो चपटा आणि निर्जीव वाटतो. ज्याने दार आपटण्यासाठी जागा राखून ठेवली त्याचे दार आता खरोखर आपटल्यासारखे वाजते. ज्या गोष्टीचे माप घ्याल तीच लोक पुरवतात. परीक्षेतल्या गुणांपासून कार्यालयातल्या निकाली फायलींपर्यंत हे आपण पाहतोच.

पॉडकास्ट या सगळ्यात उशिरा जन्मलेले भावंड. हा शब्द बेन हॅमर्स्ली यांनी २००४ साली ‘गार्डियन’मध्ये वापरला, आणि २००५ मध्ये ॲपलने आपल्या आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिली. रेडिओ केंद्रात आवाजावर नजर ठेवणारा तंत्रज्ञ असतो. इथे बोलणारा, मुद्रण करणारा आणि प्रसारित करणारा बहुधा एकच. त्यामुळे सुरुवातीला ज्याचा त्याचा आवाज ज्याला त्याला वाटेल तसा. पुढे आकडे बसत गेले. ॲपलची शिफारस साधारण उणे १६ ची आहे, स्पॉटिफाय उणे १४ धरते. टीव्हीच्या उणे २३ पेक्षा हे मोठे का? कारण टीव्ही आपण घरात ऐकतो, पॉडकास्ट बसमध्ये, फेरीबोटीत, स्वयंपाकघरात मिक्सर चालू असताना. फोनची ताकदही बेताची. एकाच वाहिनीचे, म्हणजे मोनो मुद्रण असेल तर आकडा उणे १९ धरतात. ती एक वाहिनी दोन्ही कानांना मिळते, पण मीटर तिला एकदाच मोजते, म्हणून ३ चा फरक. आणि टोक काठापासून किमान १ डेसिबल खाली ठेवतात. एमपी-थ्री करताना लाट किंचित उसळते, तिच्यासाठी ती जागा.

हे मोजायला आता पैसे लागत नाहीत. फुकट मिळणाऱ्या ऑडॅसिटीत लाउडनेस ठरवून देण्याची सोय आहे. पण आकडा जुळला म्हणजे मुद्रण चांगले झाले असे मात्र नाही. दोन माणसांच्या गप्पांत एकाचा आवाज भरदार आणि दुसऱ्याचा क्षीण असेल, तर एकूण सरासरी उणे १६ येऊनही क्षीण माणूस क्षीणच राहतो. दोघांना आधी एकमेकांच्या बरोबरीला आणावे लागते, मग सरासरी. आणि मुद्रणच लांबून केले असेल तर आवाज १५ डेसिबल वाढवताना छताचा पंखा आणि खोलीचा घुमारा हेही १५ डेसिबल वाढतात. इथे गैसबर्गचा कर्णा पुन्हा आठवतो. माइक आणि तोंड यांतले अंतर निम्मे केले तर आवाज सुमारे ६ डेसिबल वाढतो आणि पंखा आहे तिथेच राहतो. वीतभर अंतर, किंचित तिरका धरलेला माइक, पंखा बंद, खोलीत गोधड्या आणि चादरी. एवढ्याने जे साधते ते नंतर कोणतेही यंत्र करून देत नाही. मुद्रण करताना मोठ्यात मोठा शब्द उणे १२ च्या आसपास राहिला तर पुरे. काठापर्यंत भरायची घाई नको. वाढवणे नंतर एका क्षणात होते, फाटलेला शब्द मात्र शिवता येत नाही.

आपल्याकडची गोष्ट घ्या. चतुर्थीला घुमट आरती मुद्रित केली तर घुमटाची थाप आणि कासाळ्यांचा झणत्कार ही टोके. पडद्यावर ती काठाला भिडलेली दिसतात आणि म्हणणाऱ्यांचे आवाज ऐकायला मात्र खाली राहतात. मग दाबणाऱ्या यंत्राचे बटण पूर्ण फिरवले जाते. आरती मोठी होते, पण थापेतली थाप जाते. घुमटाला २०१९ साली राज्य सरकारने वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. त्याचा वारसा चामड्यात आणि मडक्यात जेवढा आहे तेवढाच एका थापेनंतरच्या त्या गोलसर घुमण्यातही आहे. ते घुमणे हळू असते, आणि दाबलेल्या मुद्रणात आधी तेच बिघडते. म्हणून आरतीत घुमटवाले लांब आणि गाणारे माइकजवळ बसवावेत. आर्मस्ट्राँगचा धडा.

धालोची गाणी, जात्यावरच्या ओव्या, जुन्या कीर्तनकारांची आख्याने, मुक्तीपूर्वीच्या आठवणी सांगणारे नव्वदीतले आजोबा. हे सगळे आता लोक फोनवर मुद्रित करू लागले आहेत, हे फार चांगले आहे. पण वृद्ध माणसाचे बोलणे नेमके कॉम्प्रेसरला न परवडणारे असते. वाक्याच्या शेवटी आवाज बारीक होत जातो, मधे श्वास येतो, एखादे नाव उच्चारताना तो जवळजवळ कुजबुजतो. पॉडकास्टसाठी ते थोडे उचलावेच लागेल, नाहीतर बसमध्ये बसलेल्या त्यांच्या नातवाला काही कळणार नाही. तेवढे अवश्य करावे. फक्त त्यासाठी प्रत वेगळी करावी. मूळ मुद्रण जसे झाले तसे, न दाबलेले, न घासलेले, डब्ल्यूएव्हीसारख्या न आकसणाऱ्या स्वरूपात दोन ठिकाणी जपून ठेवावे आणि त्यावर तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचे नाव लिहावे.

प्रसारणाचे आकडे बदलतात. आज उणे १६ आहे, वीस वर्षांनी दुसरे काही असेल. मूळ फाईल जागेवर असेल तर तेव्हाची माणसे तिच्यातून आपल्याला हवी तशी प्रत काढतील. ती नसेल तर आजोबा कोणत्या शब्दाशी थबकले होते, हे त्यांना कोणतेही मीटर सांगू शकणार नाही.